बिबट्या मोजायला निघताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आफ्रिकेत सिंह वाचवायला जायचं तर विमानाचं तिकीट, पिवळ्या तापाची लस आणि वर प्रकल्पाची फी. दक्षिण आफ्रिकेत काही ठिकाणी पैसे मोजले की सिंहाच्या बछड्याला बाटलीनं दूधही पाजता येतं. तोच बछडा मोठा होऊन कुंपणाच्या आत शिकाऱ्यासमोर उभा केला जाऊ शकतो, हे मात्र माहितीपत्रकात नसतं. तुम्ही बोरिवलीकर. तुमचं नॅशनल पार्क रिक्षाच्या मीटरवर आहे. १०३ चौरस किलोमीटर जंगल आणि चहूबाजूंनी टॉवर. २०१५ च्या अभ्यासात तिथे आणि लगतच्या भागात ३५ बिबटे निघाले. तेव्हा उगाच केनियाचा हट्ट नको.

१. घरी ‘बिबट्या’ हा शब्द काढू नका. ‘डेटा कलेक्शन’ म्हणा. आईला ऑफिसचं काम वाटेल. आजी मात्र विचारणारच, पैसे किती देतात? तिथे ‘अनुभव मिळतो’ म्हणा आणि पाणी प्यायला उठा.

२. पाच हजारांचे बूट, सतरा खिशांची पँट आणि जंगलछाप टोपी घ्या. तुमच्या पुढे पाड्यावरचे काका हाफ पँट, प्लास्टिकची चप्पल आणि कोयता एवढ्यावर चालतील आणि दर दहा मिनिटांनी तुमच्यासाठी थांबतील. वाटेत वाघोबाचं ठाणं आलं की ते हात जोडतील. तुम्हीही जोडा. सेल्फी काढू नका. खाजकुइलीच्या शेंगेलाही हात लावू नका. लावलात तर पुढचं काहीही वाचायची गरज नाही, तुमचे दोन्ही हात कामात असतील.

३. आता मुख्य काम, कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, एकेक कॅमेरा बांधायचा. दोन कशाला? बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवर नसतात. एकाच बाजूला कॅमेरा लावलात तर जाताना-येताना एकाच बिबट्याचे दोन होतील. मतदार यादीत चालतं, इथे नाही.

बांधून झाला की कॅमेरा तपासायचा, म्हणजे कुणीतरी त्याच्यापुढून बिबट्यासारखं जायचं. हे ‘कुणीतरी’ म्हणजे नवा स्वयंसेवक. हात टेका, गुडघे टेका, पाठ सरळ ठेवा आणि रांगा. मध्येच कॅमेऱ्याकडे बघून हसू नका. बिबटे हसत नाहीत. काका तोंड वळवून विडी पेटवतील. त्यांची खांदे हलवायची पद्धत मनावर घेऊ नका.

४. कॅमेऱ्यातलं कार्ड घरी आणून फोटो बघा. क्रम साधारण असा: तुम्ही रांगताना, कुत्रा, कुत्रा, हललेलं पान, मोळी घेतलेली बाई, कुत्रा, गाय, मॉर्निंग वॉकवाले गृहस्थ, एक जोडपं (गुप्तता पाळा), कुत्रा. प्रत्येकाची एक्सेलमध्ये नोंद करा. तीनशेव्या कुत्र्यानंतर शेपटीचं एक टोक येईल. ओरडू नका, बाजूच्या फ्लॅटमध्ये माणसं झोपलेली असतात.

५. कुत्र्यांचा कंटाळा आला असेल तर बिबट्याची विष्ठा गोळा करा. ती धुऊन, चाळून, वाळवून केस वेगळे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. बऱ्याचदा कुत्र्याचेच निघतात. स्वयंपाकघरातली गाळणी वापरू नका. वापरलीच तर आठवड्याच्या आत नवी आणा.

६. बिबट्या प्रत्यक्ष दिसेल का? नाही. तुम्ही येऊरच्या बाजूला मचाणावर बुद्धपौर्णिमा जागवत असाल, तेव्हा तो मुलुंडच्या मावशीच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत असेल. मावशी चहा ढवळत सांगेल, “अगदी ऐटीत गेला हो!” तिचं अभिनंदन करा.

७. शेवटी सोसायटीत व्याख्यान द्या. सेक्रेटरी पहिल्याच मिनिटाला उठतील, “पिंजरा लावा, लांब सोडून या.” त्यांना आजोबाची गोष्ट सांगा. सेक्रेटरींच्या नव्हे, ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याच्या. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या या म्हाताऱ्याला कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. गडी सव्वाशेएक किलोमीटर तुडवत आपल्या नॅशनल पार्कात हजर झाला. त्याच्यावर २०१४ मध्ये सिनेमाही निघाला, उर्मिला मातोंडकरचा. एवढं ऐकून सेक्रेटरी म्हणतील, “म्हणजे बाहेरचे येतात!” इथे चिडू नका. कचरा उचलला की कुत्रे कमी होतील आणि कुत्रे कमी झाले की बिबट्याला गेटपाशी येण्याचं कारण उरणार नाही, एवढं सांगा. कचऱ्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर ढकलला जाईल आणि पिंजऱ्याचा अर्ज त्याच संध्याकाळी टाईप होईल.

८. रांगतानाचा फोटो कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकू नका. मी टाकला होता. पहाटेचा, धूसर, पाठीवर सॅक. दुपारपर्यंत तो घाटकोपरच्या आत्याकडून फिरून माझ्याकडेच आला, खाली लिहिलेलं: ‘सावधान! बोरिवलीत पुन्हा बिबट्या. मुलांना बाहेर सोडू नका.’