सगळ्यांना देऊन टाक!

‘अरे, सगळ्यांना देऊन टाक ना ॲक्सेस, अकराला मिटिंग आहे.’ ॲनालिटिक्सचा सर्व्हर सांभाळणाऱ्या ॲडमिनला हे फर्मान पाठ असतं. फर्मान सोडणारे साहेब अकराला मिटिंगला बसतात, दीडला जेवायला जातात, आणि पगाराच्या आकड्यांचा डॅशबोर्ड अख्ख्या कंपनीला उघडा पडतो तो वर्षानुवर्षं. मला राग येतो तो या साहेबांचा. ॲडमिन हुकमाचा ताबेदार. डेटा ज्यांचा, त्यांनाच त्याची किंमत नाही, हे दुखणं आहे.

डॅशबोर्ड सगळ्यांपर्यंत पोचवणाऱ्या टॅब्लो सर्व्हरचं बघा. त्यात ‘ऑल युजर्स’ नावाचा ग्रुप आयताच मिळतो. तो डिलीट होत नाही आणि सर्व्हरवर नाव चढलेला प्रत्येकजण आपोआप त्यात जाऊन बसतो. काल लागलेला इंटर्नही, तीन महिन्यांच्या कंत्राटावर आलेला कन्सल्टंटही. जोडीला ‘डीफॉल्ट’ नावाचा प्रोजेक्ट, म्हणजे डॅशबोर्ड ठेवायचा कप्पा, येतो, आणि सगळ्यात वरच्या पातळीवर नवा प्रोजेक्ट काढला की त्याचे सुरुवातीचे नियम या डीफॉल्टवरून उतरवले जातात. म्हणजे डीफॉल्टमध्ये ऑल युजर्सला दिलेल्या परवानग्या पहिल्याच दिवशी पुसल्या नाहीत, तर उद्या एचआर काढा, फायनान्स काढा, ऑडिट काढा, प्रत्येक ठिकाणी ऑल युजर्स हजर. पुसायला दोन मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी सगळ्यांना डॅशबोर्ड बघायची घाई असते, म्हणून ती दोन मिनिटं कुणी देत नाही.

मग एक दिवस नको त्याला नको तो आकडा दिसतो आणि बोंब होते. त्यानंतरची धावपळ तर मूळ चुकीहून महागात पडते. घाबरलेला ॲडमिन ऑल युजर्सला ‘डिनाय’ करतो, फायनान्सच्या ग्रुपला ‘अलाउ’ देतो आणि सुटलो म्हणतो. पण एकाच माणसाला एका ग्रुपमधून ‘हो’ आणि दुसऱ्यातून ‘नाही’ मिळालं, तर टॅब्लो ‘नाही’ मानतं. फायनान्सची माणसं ऑल युजर्समध्येही आहेतच! सगळं फायनान्स बाहेर, फायनान्सचे प्रमुखसुद्धा. फोनवर फोन. शेवटी प्रमुखांच्या नावावर वेगळा ‘अलाउ’ दिला जातो, कारण माणसाच्या नावावरचा नियम ग्रुपच्या नियमावर मात करतो. आज प्रमुख, उद्या त्यांचे सहायक, परवा सहायक रजेवर म्हणून बदलीवर आलेला कुणी. ग्रुपची शिस्त तिथेच संपते आणि नावांची यादी वाढत जाते. यातलं कुठलं नाव कशासाठी घातलं, हे ज्याला ठाऊक होतं त्यानं कधीच राजीनामा दिलेला असतो.

डिनायची तिथे गरजच नव्हती. टॅब्लोमध्ये काहीच न ठरवणं हाही पर्याय आहे, आणि नियम नसेल तर परवानगी नाही. मुळात काही देऊ नये आणि जे द्यायचं ते कामापुरतंच द्यावं, ही दोन तत्त्वं जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावरच्या निबंधात मांडली. तेव्हा डॅशबोर्ड म्हटलं की गाडीच आठवायची. तत्त्वं आजही तीच लागतात.

टॅब्लोऐवजी पॉवर बीआय वापरणाऱ्यांनी हुश्श करू नये. कोल्हापूरच्या सेल्स मॅनेजरला कोल्हापूरच्याच ओळी दिसाव्यात म्हणून तिथे ‘रो लेव्हल सिक्युरिटी’ लावतात. रिपोर्ट ठेवायच्या वर्कस्पेसमध्ये ती फक्त ‘व्ह्यूअर’ला, म्हणजे नुसतं बघणाऱ्याला, लागू होते. ‘त्याला जरा रिपोर्ट बदलू दे की’ म्हणून त्याच मॅनेजरला ‘कॉन्ट्रिब्युटर’ केलं, की राज्यभराचे आकडे त्याच्या स्क्रीनवर. एरर येत नाही, कुणाला मेल जात नाही. आपण निर्बंध लावलेत या समाधानात ऑफिस चालू राहतं. मला सर्वांत घातक वाटतो तो हाच प्रकार, कारण इथे शंका घ्यायलाही कुणाला कारण मिळत नाही.

आतल्या माणसावर भरवसा ठेवायचा नाही का, असं मला हमखास विचारतात. ठेवा, पण उबरचं आठवून ठेवा. प्रवासी आणि गाड्या नकाशावर जिवंत दाखवणारं एक साधन उबरच्या कर्मचाऱ्यांकडे होतं. नाव ‘गॉड व्ह्यू’. त्यावरून एका पत्रकार महिलेचा प्रवास तिला न विचारता पाहिल्याची बातमी नोव्हेंबर २०१४ मध्ये फुटली. कर्मचाऱ्यांच्या ॲक्सेसवर आमची नजर आहे, असं कंपनीनं जाहीर केलं. त्यासाठी डिसेंबरमध्ये उभी केलेली स्वयंचलित यंत्रणा वर्षाच्या आत वापरातून गेली, हे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीत नोंदलं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तडजोड झाली आणि वीस वर्षं दर दोन वर्षांनी बाहेरच्यांकडून ऑडिट करून घेण्याचं कलम कंपनीच्या गळ्यात पडलं. तिथे कुलूप फोडणारा हॅकर नव्हता. बघायची परवानगी होती, म्हणून बघितलं गेलं.

आपल्याकडेही आता हा घरगुती मामला उरलेला नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ‘तेव्हा मिटिंग होती’ हा त्यावर बचाव होऊ शकत नाही.

म्हणून परवानगीचा निर्णय आयटीच्या टेबलावरून उचला. पगाराचा डॅशबोर्ड कुणी बघावा, हे ॲडमिनला कुठून कळणार? ते एचआरच्या प्रमुखांनी ठरवायचं, लेखी द्यायचं, आणि देताना शेवटची तारीख घालायची. ॲडमिननं माणसाला ग्रुपमध्ये टाकायचं, त्याच्या नावावर वेगळा नियम करायचा नाही, मग समोर कुणीही असो. बदली झाली की त्याच दिवशी जुन्या ग्रुपमधून नाव काढायचं. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण नवा ॲक्सेस मिळाला नाही तर माणूस ओरडतो. जुना राहून गेला तर कुणीच ओरडत नाही. आणि दर तिमाहीला प्रत्येक ग्रुपची यादी त्या त्या प्रमुखाकडे जाऊ द्या. ठरलेल्या तारखेपर्यंत ज्या नावापुढे त्यांची सही आली नाही, ते नाव दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकायचं. साहेबांचं असलं तरी.