दहा टक्क्यांच्या आत

चोरी किती करावी याबाबत आपल्याकडे पूर्वी फार गोंधळ होता. जुनी माणसं 'अजिबात करू नये' एवढंच सांगायची, त्यामुळे कुणालाच नेमका अंदाज येत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियमावली काढून हा गोंधळ मिटवला. प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. चाळीसपर्यंत गेलं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून आणायचं. चाळीस ते साठ असेल तर सुधारलेला प्रबंधही वर्षभर देता येत नाही. साठाच्या वर नोंदणीच रद्द. एकोणसाठ आणि एकसष्ट यांच्यातलं नैतिक अंतर इतकं स्वच्छ धर्मशास्त्रालाही सांगता आलं नव्हतं.

शिवाय सर्वसामान्य ज्ञान असेल तर सलग चौदा शब्दांपर्यंतचं जुळणं साम्यात धरत नाहीत. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' यात पाचच शब्द लागतात. म्हणजे नऊ शिल्लक! ग्रामीण कादंबरीवरचा प्रबंधही याच वाक्याने का सुरू होतो, असं विचारणाऱ्यांना काटकसर कळत नाही.

नियमावलीच्या व्याख्येत दुसऱ्याची कल्पना उचलणं हीसुद्धा चोरीच आहे. पण कल्पनेचे टक्के निघत नाहीत. म्हणून जाणकार संशोधक कल्पना तेवढी घेतो आणि शब्द घरचे घालतो. 'शेतकरी' असेल तिथे 'बळीराजा', 'दुष्काळ' असेल तिथे 'अवर्षण'. मूळ पुस्तक वाचून समजून घेण्याला याहून कमी कष्ट पडतात, हे मी अनुभवी लोकांकडून ऐकलं आहे. तरीही ते हाच मार्ग धरतात. याला निष्ठा म्हणायचं नाही तर काय?

२०१९ पासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने विद्यापीठांना साम्य तपासण्याची सोय करून दिली. योजनेचं नाव शोधशुद्धी. पूर्वी शुद्धीला पंचगव्य लागायचं, आता पीडीएफ लागते. मात्र या शुद्धीत मराठीला जो मान मिळतो, तो अभिजात दर्जानेही मिळालेला नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. यंत्र बिचारं तो काला जगभरच्या लेखनाशी ताडून बघतं. असलं काही कुणी लिहिलेलं सापडत नाही. अहवाल येतो : मौलिक.

विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या डीटीपीवाल्याने हे फार पूर्वी ओळखलं. मी एकदा त्याला भाबडेपणाने युनिकोड सुचवलं. तो मान वर न करता म्हणाला, "सर, युनिकोडात टक्के येतात." मार्गदर्शकांच्या नेमणुका कुणाच्या हातात असाव्यात, याबद्दल माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

शोधनिबंधांचं निराळं सांगायला नको. आयोगाने २०१८ च्या मे महिन्यात मान्य यादीतली ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, तेव्हा ज्ञानाचे इतके झरे आपल्या आसपास वाहत होते हे प्रथमच कळलं. पैसे भरल्यावर आठवड्यात छापणारं 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिक गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातूनही निघू शकतं. गल्ली तरी जगाच्या बाहेर थोडीच असते?

पण माझं सर्वांत लाडकं कलम वेगळंच आहे. साम्य मोजताना ऋणनिर्देश वगळतात. कृतज्ञता शंभर टक्के दुसऱ्याची चालते. एका परिचिताने ही सवलत पुरेपूर वापरली. त्याच्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर, रात्ररात्र जागून मुद्रितं तपासणाऱ्या सहधर्मचारिणीचे आणि बाबांविना सुट्ट्या काढणाऱ्या चिरंजीवांचे हृद्य आभार आहेत. गडी अविवाहित. मार्गदर्शकांनी सही केली, समितीने सही केली, बांधणीवाल्याने सोनेरी अक्षरं उठवली. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी प्रबंध उघडला, पहिलं पान वाचलं आणि एकच प्रश्न विचारला.

"वहिनी नाही आल्या?"