बेटावरची गंगू

अमरावतीच्या मावशीनं माझ्या हातात दिलेल्या कादंबरीला मुखपृष्ठ नव्हतं. पहिली चार पानंही नव्हती. त्यामुळं लेखिका कोण, अनुवाद कुणाचा, हे कळायची सोय नव्हती. गोष्ट वेस्ट इंडिजमधल्या एका बेटावरची, दोनशे वर्षांपूर्वीची. मळेवाल्याची लाडावलेली मुलगी, जहाजातून उतरलेला देखणा पण कर्जबाजारी तरुण, मध्ये एक चक्रीवादळ आणि दर तीस पानांनी एक चुंबन. मावशीच्या भिशीतल्या सगळ्याजणींच्या हातून पुस्तक फिरलं होतं. अकोल्याला येताना गाडीत उघडलं, तर छापील मजकुराच्या शेजारी पेन्सिलीचा मजकूरही भरपूर.

पुस्तकावर लिहू नये, असं आम्हाला शाळेत छडी दाखवून शिकवलं होतं. बडनेरा मागे पडेपर्यंत मी ते विसरलो.

नायिका पहाटे सज्जात उभी राहून समुद्राकडे बघत उसासे टाकते. समासात एका वळणदार अक्षरात प्रश्न: 'अन् सयपाक?' त्याखाली दुसऱ्या हातचं उत्तर: 'बाई हाये कामाले.' त्याखाली तिसरी: 'मंग तिचं नाव काऊन नाई?' नाव खरंच नव्हतं. ती आपली 'दासी'. पण चाळिसाव्या पानापासून पुढं जिथं जिथं 'दासी' छापलंय, तिथं तिथं ते खोडून कुणीतरी बारीक अक्षरात 'गंगू' लिहिलंय. 'गंगूने मेणबत्ती विझवली.' 'गंगूने घोड्याचा लगाम धरला.' शेवटी शेवटी मला नायकापेक्षा गंगूचीच काळजी वाटू लागली. ब्रिटिश वसाहतींतली गुलामी कायद्यानं संपली 1 ऑगस्ट 1834 ला, आणि 'उमेदवारी' असं गोंडस नाव देऊन लोकांना 1838 पर्यंत राबवलंच. गोष्ट त्याच्याआधीची. म्हणजे गंगूला पगार नव्हता. हे कादंबरीत कुठंच नाही. भिशीला मात्र दिसलं.

नायिका पळून जायचं ठरवते आणि घाबरून बावीस पानं रडते, तिथं मावशीचा शेरा: 'चिठ्ठी धाडाची नं सरळ!' पळून जाण्याच्या विषयात अमरावतीकरांना बोलायचा अधिकार आहे. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिनं स्वतः कृष्णाला निरोप धाडला, भागवतात तो सात श्लोकांचा आहे. रडारड नाही, मुद्द्याचं. कृष्णानं तिला नेलं ते आमच्या अंबादेवीच्या देवळातून, अशी इथली श्रद्धा. सासर मिळालं समुद्रातल्या द्वारकेचं. तेव्हा बेट, समुद्र, पळवापळवी यांतलं भिशीला नवं काहीच नव्हतं. याच कथेवर महानुभाव कवी नरेंद्रानं तेराव्या शतकाच्या अखेरीस 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं. परंपरा सांगते, रामदेवराव यादवाला ते इतकं आवडलं, की ओवीमागे सोन्याचं नाणं देऊन त्यानं ते स्वतःच्या नावावर मागितलं. कवी नाही म्हणाला. वाचकाची एवढी मोठी दाद आणि एवढा मोठा आगाऊपणा मला दुसरा ठाऊक नाही. आमच्या भिशीनं निदान पेन्सिल वापरली.

अकोल्यात पुस्तक काकांच्या हाती पडलं. काका कापूस एकाधिकार खरेदीत ग्रेडर होते. ही योजना 1972 ची. खरेदी केंद्रावर रात्ररात्र बंड्यांची रांग लागे त्या काळचे ते. प्रेमाची पानं त्यांनी थुंकी लावून उलटली आणि 'मळ्यातला कापूस' या शब्दांवर थांबले. "कोणता कापूस?" मी म्हटलं, कादंबरीत नाही दिलं. "नाई दिलं म्हंजे? बार्बाडेन्स असन. नावातच बार्बाडोस हाये." मग उठून जुन्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस काढला. दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून हळूच ओढला, एका हातातला बाजूला केला, परत ओढला. तंतू सरळ झाले, तसे उजेडाकडे धरले. "हा आखूड. तिथला लांब, रेशमासारखा. त्याच्याशीच संकर करून आपल्याकडं वरलक्ष्मी आली, 72 साली." कादंबरीबद्दल त्यांचं मत एवढंच पडलं, की बाईनं वादळ आणलंय ते बोंडं फुटल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी बाप हसत जेवायला बसतो, ज्याचा कापूस भिजला तो माणूस आठ दिवस बोलत नाही.

मामांचं मत त्याहून लहान. त्यांची वेस्ट इंडिजशी ओळख 1971 च्या मालिकेची, गावसकरच्या 774 धावांची, कानाला लावलेल्या ट्रान्झिस्टरची. तीनशे पानांत एकही माणूस चेंडू टाकत नाही, यावरून लेखिका तिकडे गेलेलीच नाही, असा त्यांचा निकाल. दोनशे वर्षांपूर्वीचं आहे मामा, म्हटलं, तर म्हणाले, "मंग कायले वाचता?"

अमरावती-अकोला रस्त्याचा 75 किलोमीटरचा थर 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकून झाला, त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आमच्या कादंबरीनं भिशीपासून मामांपर्यंत पोचायला दोन वर्षं घेतली, वाटेत जो तो आपलं मत चढवत होता ना.

शेवटच्या पानावर लग्न होतं, सूर्य मावळतो. खाली मावशीचं अक्षर: 'पोट्टा बरा हाये. पण कर्ज फिटलं का?' त्याखाली काकांचं: 'कापूस इकला असन.' आणि अगदी कोपऱ्यात, त्या बारीक अक्षरात: 'गंगू कुठी गेली?'

पुस्तक सध्या मूर्तिजापूरला आहे.