जागच्या जागी

काकांकडे पक्कड मागायला जायचं असेल तर घरून चहा पिऊन निघू नये. एक तर चहा तिथे मिळतोच, आणि पक्कड हातात पडेपर्यंत तो दोनदा लागतो.

माझं काम साधं होतं. आमच्या दिवाणाचा एक खिळा डोकं वर काढून बसला होता आणि आठवडाभरात त्यानं दोन लेंगे फाडले होते. "काका, जरा पक्कड देता का?" असं मी दारातूनच विचारलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कोणती?"

माझ्या समजुतीप्रमाणे पक्कड म्हणजे पक्कड. आमच्या घरात ती एकच होती, ती २ वर्षांपूर्वी माळ्यावर गेली आणि अजून उतरलेली नाही. काकांच्या घरात साधी, नोज, कटिंग आणि वॉटरपंप अशा चार जाती आणि त्यांत पुन्हा सहा इंची, आठ इंची असे पोटभेद निघाले. मी म्हटलं, साधी द्या. "काम काय आहे ते सांगा," काका म्हणाले, "काय द्यायचं ते मी ठरवतो." मग खिळा किती वर आलाय, डोक्याचा आहे की बिनडोक्याचा, लाकूड सागवान की आंबा, गंज धरलाय का, अशी तपासणी झाली. मागे आमच्या डॉक्टरांनीसुद्धा मला इतके प्रश्न विचारले नव्हते. शेवटी निदान झालं की मला पक्कड नकोच आहे, क्लॉ हॅमर हवा आहे. पण क्लॉ हॅमर बाहेर द्यायची त्यांची पद्धत नव्हती. तेव्हा पक्कडच नेण्याची परवानगी मिळाली.

"या, आत या," काका म्हणाले. आत म्हणजे बाल्कनीत.

चार फूट बाय नऊ फुटांची ही बाल्कनी एके काळी सर्वसामान्य होती. तिथे कपडे वाळत, तुळस होती, कोपऱ्यात वॉशिंग मशीन होतं. काका निवृत्त झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मशीन न्हाणीघरात गेलं, तुळस जिन्यात आली आणि कपडे कुठे वाळतात ते काकूंनाच ठाऊक. भिंतीवर आता पांढरा रंग दिलेला भोकाभोकांचा हार्डबोर्ड आहे. त्यावर हूक, हुकांवर हत्यारं, आणि प्रत्येक हत्याराभोवती मार्करनं काढलेली काळी बाह्यरेषा. हातोडी काढली की भिंतीवर हातोडीची आकृती उरते. करवत काढली की दात्यांसकट करवतीची. गुण्या, ओळंबा, पटाशी, कानस, रंधा, सगळ्यांना आपापली आकृती आहे. आमची सहा इंची पक्कड काकांनी काढली तेव्हा भिंतीवर जी रिकामी आकृती राहिली, तिच्याकडे ते असे काही पाहत होते की मी खिळ्याचा नाद सोडून द्यावा असं मला वाटून गेलं.

काकांची सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. तिथे त्यांना जपानी पद्धतीचं फाइव्ह-एस शिकवलं गेलं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. हे पाच शब्द काका संध्याकाळच्या शुभंकरोतीसारखे न अडखळता म्हणतात. त्यातला पहिला, सेइरी, म्हणजे नको असलेलं निवडून काढून टाकणं. दुसरा, सेइतोन, म्हणजे उरलेलं नीट लावून ठेवणं. काकांनी थेट दुसऱ्यापासून सुरुवात केली.

त्यामुळे काकांच्या घरातून आजवर काहीही बाहेर गेलेलं नाही. गेलं तर रद्दीवाल्याला पेपर, तोही गाळणीतून गाळल्यासारखा निवडून, कारण जाड पुठ्ठा पॅकिंगला लागतो. बाकी सगळं डब्यांत आहे. डबे अर्थातच श्रीखंडाचे. अर्ध्या किलोच्या डब्यांत दोन इंची खिळे, पाव किलोच्या डब्यांत एक इंची, आणि कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या रिळाच्या त्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत चष्म्याचे आणि घड्याळाचे स्क्रू. या काळ्या डब्या आता कुठे मिळत नाहीत, म्हणून त्या काकांना आतल्या स्क्रूंपेक्षा प्रिय आहेत. काकूंना श्रीखंड आवडत नाही, काकांना साखर वर्ज्य आहे. तरीही दसऱ्या-पाडव्याला दोन डबे येतात, कारण "वायसरांना जागा कमी पडतेय."

प्रत्येक डब्यावर काकांच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी आहे. 'बिजागऱ्या'. 'वायसर – चामडी'. 'वायसर – रबरी'. 'चाव्या (कुलपं नाहीत)'. आणि तीन डबे ओळीनं: 'चुका – बारीक', 'चुका – मोठ्या', 'चुका – वाकड्या, सरळ करायच्या'. मी हे वाचत होतो तेव्हा चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. चुकांचा डबा यांनी आत्ता केला."

काका हसले नाहीत. ते 'इतर'च्या डब्याकडे बघत होते. वर्गीकरण करणाऱ्या माणसाला झोपू देत नाही तो हा डबा. जे कशातच बसत नाही ते त्यात जातं, आणि जगात कशातच न बसणाऱ्या गोष्टी फार आहेत. तो भरला तेव्हा काकांनी 'इतर – १' आणि 'इतर – २' केले. पुढे 'इतर – २'मध्ये बरेच स्प्रिंग निघाले, त्यांना स्वतंत्र डबा मिळाला, त्याचं नाव 'स्प्रिंग व इतर'. आता तीन ठिकाणी इतर आहे आणि काका रात्री उठून बॅटरी घेऊन बाल्कनीत जातात, असं काकू सांगतात.

त्यात मापांचा घोळ. दशमान पद्धतीचा कायदा 1956 सालचा, पण आमचा सुतार अजून सुतातच बोलतो. इंचाचे आठ सूत. तीन सुती बोल्ट म्हणजे मिलिमीटरमध्ये 9.525, आणि बाजारात मिळतो तो 10चा. या अर्ध्या मिलिमीटरपायी काकांनी एक अख्खा पावसाळा घालवला. कप्पे सुताचे करायचे की मिलिमीटरचे? आधी सुताचे केले, मग मिलिमीटरचे, मग दोन्ही वेगळे. "एकत्र ठेवून चालत नाही," ते मला समजावत होते. "1841 साली व्हिटवर्थनं आट्यांना शिस्त लावली. त्याआधी ज्याचा कारखाना, त्याचे आटे. त्याच्या आट्याचा कोन 55 अंश, मेट्रिकचा 60. दिसायला सारखेच. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर जातो, दोन वेढे गोड फिरतो, मग अडतो. जोर लावला की दोघंही गेले कामातून." आतून काकूंनी विचारलं, "हे नटबोल्टचंच चाललंय ना?"

खरेदीचे दिवस ठरलेले. नवा माल रविवार पेठेत बोहरी आळीत, जुना माल बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात. जुन्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या गंजक्या लोखंडात काकांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. तिथून ते एकदा 12-13चा पाना घेऊन आले. घरी 12-13चा होता. "तो सेटमधला आहे," काका म्हणाले. "सेटमधला वापरला आणि हरवला तर सेट मोडतो. हा वापरायला." वाजवी बोलणं होतं. मग वापरायच्या पान्याला रॉकेलनं पुसलं, पॉलिश पेपर मारला, शिलाई मशीनचं तेल लावलं, बोर्डावर हूक ठोकला आणि भोवती काळी रेषा काढली. आता तोही वापरता येत नाही. वापरायला म्हणून तिसरा आणायचं चाललं आहे.

तुम्ही विचाराल की काका बनवतात काय. मीही विचारलं होतं, पहिल्या वर्षी. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उभे राहतील असा भोकं पाडलेला लाकडी ठोकळा दाखवला. दुसऱ्या वर्षी ड्रिलच्या बिटांची घोडी. तिसऱ्या वर्षी फळीच्या खालच्या अंगाला बरण्यांची झाकणं स्क्रूनं बसवली आणि काचेच्या बरण्या खालून फिरवून लटकवल्या. युक्ती खरोखर सुंदर आहे, आतलं सगळं दिसतं. काकांच्या हाताला कसब आहे यात मला तिळमात्र शंका नाही. फक्त त्या हातांनी आजवर जे जे घडवलं ते सगळं हत्यारं ठेवण्यासाठी घडवलं. हत्यारांनी हत्यारांसाठी चालवलेलं असं हे राज्य आहे आणि आपण त्यात परके.

मध्यंतरी ते मुलाकडे अमेरिकेत गेले होते. वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये ज्यूलिया चाइल्ड या पाककलेतल्या विदुषीचं स्वयंपाकघर जसंच्या तसं मांडून ठेवलं आहे. तिच्या नवऱ्यानं 1961 साली तिला अशीच भोकाभोकांच्या बोर्डांची भिंत करून दिली होती, प्रत्येक पातेल्याभोवती रेषा काढून. सुनेला वाटलं, सासरे हरखून जातील. काका त्या काचेसमोर वीस मिनिटं उभे होते. नंतर एवढंच म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण भांडी वापरलेली दिसतायत."

काकूंचा खण मात्र कुणी म्युझियममध्ये ठेवणार नाही. गॅसच्या ओट्याखालचा तिसरा. त्यात सुतळी, रबरं, अर्धी मेणबत्ती, दोन सेल (चालू की बंद ते लावल्यावर कळतं), एमसीलची उघडी पुडी, फ्यूजची तार आणि मूठ तुटलेला एक स्क्रू ड्रायव्हर, मुठीच्या जागी चिंधी गुंडाळलेला. कुकरचा कान ढिला झाला की काकू मान न वळवता खणात हात घालतात आणि तो स्क्रू ड्रायव्हर हाताला लागतो. मिक्सरचं झाकण, देवघराची कडी, नळाचा वायसर, सगळी डागडुजी त्या चिंधीवाल्यानं केलेली आहे. काकांनी एकदा तो खण लावून दिला होता. पुठ्ठ्याचे कप्पे केले, चिठ्ठ्या डकवल्या. दोन दिवस घरात कुणाला काडेपेटी सापडली नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी तो पूर्ववत विस्कटला आणि दिवा लागला.

असो. पक्कड मिळण्यापूर्वी नोंदवही आली. तारीख, फ्लॅट नंबर, वस्तू, कशासाठी, परत कधी. वरच्या ओळीवर नजर गेली तर तळमजल्यावरच्या गृहस्थांनी नेलेली आठ इंची पक्कड अकरा महिने परत आलेली नव्हती. काका मागत नाहीत, तो त्यांचा स्वभाव नाही. ते गृहस्थ जिन्यात भेटले की फक्त विचारतात, "पक्कड कशी आहे?" सासरी दिलेल्या मुलीची विचारपूस करावी त्या आवाजात. ते गृहस्थ हल्ली लिफ्टनं जातात. तळमजल्यावर राहून लिफ्टनं कुठे जातात ते मात्र कळत नाही.

मी घरी आलो तोवर बायकोनं वरवंट्यानं खिळा ठोकून आत बसवला होता. एकाच टोल्यात, म्हणाली. मी तसाच उलट्या पावली गेलो. काकांनी पक्कड उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, जबडा उघडून मिटला.

"वापरली नाहीत?"

"नाही हो. गरजच पडली नाही."

मला वाटलं होतं, हिरमुसतील. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. पक्कड आकृतीत बसवून ते वळले आणि म्हणाले, "तुम्हाला काहीही लागलं तर कधीही या. तुम्हाला नाही म्हणणार नाही. क्लॉ हॅमरसुद्धा."

खंडेनवमीला त्यांच्याकडे आम्हा सगळ्यांना तीर्थप्रसादाचं बोलावणं असतं. त्या दिवशी अख्खी भिंत रिकामी होते. सतरंजीवर पांढरी चादर, तिच्यावर उंचीप्रमाणे लावलेली हत्यारं, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट आणि एकेक झेंडूचं फूल. मागे भिंतीवर नुसत्या काळ्या आकृत्या. काका सोवळं नेसून आरती करतात. यंदा आरती झाली आणि नारळ फोडायची वेळ आली. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. समोर लहानमोठ्या सात हातोड्या मांडलेल्या होत्या. त्यांनी त्यातल्या जवळच्या एकीला हात घातला.

"अगं, अगं!" काका ओरडले. "आज खंडेनवमी. आज हत्यारांना हात लावायचा नाही. आज त्यांना विश्रांती."

काकूंनी हातोडी होती तशी ठेवली, फूलसुद्धा हलू दिलं नाही. नारळ उचलून त्या उंबऱ्याकडे निघाल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "आज होय?"