बसतेय ना, मग झालं!

प्रत्येक मराठी घरात वायरींची एक पिशवी असते. बहुधा साडीच्या दुकानातून आलेली. ज्या यंत्रांच्या त्या वायरी, ती यंत्रं केव्हाच भंगारात गेलेली असतात. वायरी मात्र ‘असू दे, लागते कधीतरी’ या कलमाखाली पुढच्या पिढीच्या नावावर होतात. मग एक दिवस चिरंजीवांसाठी ऐंशी हजारांचा डेस्कटॉप येतो. काचेच्या कॅबिनेटमधले पंखे सात रंगांत उजळतात. केबल काही भिंतीपर्यंत पुरत नाही. लगेच पिशवी उपडी होते आणि तीतली सर्वांत लांब वायर कामावर रुजू होते. मुलाखतीत प्रश्न एकच: बसते का? बसते. झालं!

न बसायला काय झालं? कॅबिनेट, कित्येक मॉनिटर, कित्येक प्रिंटर, सगळ्यांच्या पाठीला एकाच आंतरराष्ट्रीय मापाची खाच असते. त्या खाचेत जाणाऱ्या टोकाला सी-13 म्हणतात. पण ते माप आकाराचं. आतली तार जाड की केसासारखी, तांब्याची की कसली, याबद्दल खाच मौन पाळते.

इथे सोसायटीतले अभ्यासू काका हटकतात. ‘230 व्होल्टला साधा डेस्कटॉप एक ॲम्पिअरसुद्धा धड ओढत नाही. 750 वॅटचा पॉवर सप्लाय पूर्ण ताकदीने चालवा, तरी चारच्या आत!’ काकांचं गणित चोख आहे. फक्त वायर काकांचं ऐकत नाही. तिचं टोक खाचेत ढिलं बसलं की नेमकी तिथेच उष्णता साठते, प्लास्टिक तपकिरी पडतं आणि संगणक अधूनमधून आपोआप बंद होतो. त्यावर घरगुती उपाय तयार असतो: कॅबिनेट भिंतीला दाबून ठेवायचं, मध्ये पुठ्ठ्याची घडी. मग ‘कुणी हलवू नका रे’ असा फतवा निघतो आणि केर काढणाऱ्या मावशींना तो कोपरा वर्ज्य होतो.

तिसऱ्या पिनेचे हाल तर विचारू नका. ती मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते. प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जुळावं, काढताना सर्वांत शेवटी सुटावं म्हणून. आपल्याला ती अडगळ वाटते. दोनच भोकांचा बोर्ड असेल तर पक्कड घेऊन तिचा निकाल लावायचा, आणि प्लग नसेल तर उघड्या तारा भोकात खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करायच्या. संगणक तरीही सुरू होतो, हा केवढा मोठा विजय! पुढे कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरची गळती जमिनीत जायची ती अर्थिंगअभावी पत्र्यावर थांबलेली असते. घरात निदान होतं, ‘हवा कोरडी आहे’, आणि नियम होतो, ‘कॉम्प्युटरला चप्पल घालून बसा’. दसऱ्याला त्याच पत्र्यावर ओल्या बोटाने हळदकुंकू वाहिलं जातं. जुन्या इमारतीत बोर्डाचं तिसरं भोकही कित्येकदा शोभेचं असतं, मागे तारच नसते. पण इलेक्ट्रिशियनला दाखवायचं म्हणजे पैसे पडतात. चप्पल घरातच आहे.

मराठी माणूस चिकित्सा करत नाही, असं मात्र म्हणू नये. सोन्याची नथ घेताना तो भिंग मागवतो, हॉलमार्क बघतो, सहा अक्षरी क्रमांक मोबाइलवर तपासतो. हॉलमार्क देणारं भारतीय मानक ब्युरो आणि वायरीवर आयएसआय चिन्ह देणारं ब्युरो एकच. चिन्हाच्या वर मानकाचा आकडा, वायरीला 694, प्लगला 1293. खाली सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. ज्या बीआयएस केअर ॲपवर नथ तपासली, त्याच ॲपवर तोही तपासता येतो. वायरीच्या अंगावर जाडीही छापलेली असते. तारेचा छेद 0.75 चौरस मिलिमीटर तरी हवा, लांब वायर असेल तर 1. पण नथीला घरातली चार माणसं बघणार. वायरीला कपाटामागची धूळ!

आणि मुलाम्याची फसवणूक दोन्हीकडे आहे. ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचं पातळ आवरण देऊन ती तांबं म्हणून खपवतात. ॲल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे तेवढ्याच जाडीत ती अधिक तापणार. सोनार निदान कस लावून दाखवतो. ही केबल दोन्ही टोकांना ओतीव, कापल्याशिवाय पोटातलं कळत नाही. काही वायरी बाहेरून जाडजूड असतात, पण ती जाडी बरेचदा प्लास्टिकची. वर ‘10 ॲम्पिअर’ छापायला शाई तेवढी लागते.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा सगळा माल शेजारी शेजारी टांगलेला दिसतो. गिऱ्हाईक विचारतं, ‘कॉम्प्युटरची केबल कितीला?’

‘ऐंशीची आहे, अडीचशेची आहे.’

‘दोन्ही बसतात ना?’

‘बसणार की!’

‘मग फरक काय?’

‘एकशे सत्तर रुपये.’

गिऱ्हाइकाला हे पूर्णपणे पटतं.