देवाची पाच बोटं

स्प्रिंगफील्डमधल्या सिम्पसन कुटुंबाच्या घराला ८ ऑक्टोबर १९९२ रोजी, गुरुवारी आग लागली. पुढच्या गुरुवारी, १५ ऑक्टोबरला, घर जसंच्या तसं उभं होतं. भिंतीवर काजळी नाही, छपराला भोक नाही, ओल्या राखेचा तो चिवट वास येत असावा असं कुणाच्या चेहऱ्यावरून वाटत नाही. सात दिवसांत! आमच्याकडे सात दिवसांत फायर ब्रिगेडचा दाखलासुद्धा हातात पडत नाही.

मी विम्याचा सर्व्हेयर. इचलकरंजी आणि आसपासच्या सुताच्या गोदामांना, यंत्रमागाच्या शेडना आग लागली की ती विझल्यावर राखेत काठी घालत फिरणारा, आणि ज्याच्यासमोर मालक एका हाताने चहा धरतो आणि दुसऱ्या हाताने फुगवलेलं स्टॉक रजिस्टर, तो माणूस मी. या धंद्यात एकच प्रश्न महत्त्वाचा: हे झालं, की केलं? काम थांबलं तरी प्रश्न थांबत नाही. लग्नात मठ्ठा सांडला तरी मी आधी वाढप्याचा चेहरा पाहतो.

‘द सिम्पसन्स’ माझ्या घरात भाच्याने आणलं. निखिल आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग करत होता, आणि केबलवर स्टार वर्ल्ड लागायचं. “मामा, कार्टून असलं तरी हे लहान मुलांचं नाही,” असं त्याने आधीच बजावलं, म्हणून मी घाईघाईने बसलो. निघालं ते भलतंच. ढेरपोट्या बाप होमर, निळ्या केसांची सोशिक आई मार्ज, वांड मुलगा बार्ट, हुशार मुलगी लिसा आणि तोंडातलं चोखणं न काढणारं बाळ. हे सगळं आमच्या गल्लीत होतं. फक्त कुणी पिवळं नव्हतं, आणि असलंच तर ती कावीळ.

तो आगीचा भाग म्हणजे चौथ्या सीझनमधला ‘होमर द हेरेटिक’. जॉर्ज मायरने लिहिलेला, जिम रिअर्डनने दिग्दर्शित केलेला. थंडीतला रविवार. चर्चला जायची पँट फाटते आणि होमर जाहीर करतो की मी येत नाही. बायको आणि मुलं चर्चमध्ये कुडकुडतात. हा इकडे अख्ख्या लोण्याच्या कांडीभोवती वॉफल गुंडाळून खातो, चड्डीवर नाचतो आणि त्याला वाटतं, आयुष्यातला हाच सर्वांत चांगला दिवस. मग देव स्वप्नात येतो.

निखिलची एक खोड होती. दर दोन मिनिटांनी तो, “मामा, हे कशावरून आहे माहितीय का?” असं विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगायचा. तो चड्डीवरचा नाच म्हणे १९८३च्या ‘रिस्की बिझनेस’मधल्या टॉम क्रूझचा. त्याच्या मते हे ओळखलं नाही तर अर्धा विनोद वाया गेला. मला ते पटलं नाही. घरात कुणी नसताना चड्डीवर नाचणारा मध्यमवयीन गृहस्थ हा स्वयंपूर्ण विनोद आहे, त्याला अमेरिकन जामीनदार लागत नाही. स्वर्गात जिमी हेंड्रिक्स आणि बेंजामिन फ्रँकलिन एअर हॉकी खेळताना दिसतात, तिथेही त्याने मला अडवलं. एक १७९०मध्ये गेला, दुसरा १९७०मध्ये. स्वर्गात रहिवाशांच्या तारखा कोण तपासतो? ही चूक मी सोडून दिली.

पण मग होमर अपू या भारतीय दुकानदाराच्या दुकानात शिरला आणि पहिल्यांदाच निखिल गप्प झाला, मी बोलू लागलो. कारण दुकानात गणपती! होमर त्याच्यापुढे शेंगदाणा धरतो आणि अपू त्याला सांगतो की कृपया माझ्या देवाला शेंगदाणा देऊ नका. अमेरिकेत यावर हसणाऱ्याला एवढंच कळलं असेल की हत्ती म्हटला की शेंगदाणा. मला आणि हिला मात्र प्रश्न पडला तो वेगळाच: अपूला अडचण काय आहे? ही आतून म्हणाली, “उपासाला चालतो, मग नैवेद्याला का नाही? गूळ घालून लाडू वळला असता तर?” आमच्याकडे उपासाचं अर्धं शास्त्र शेंगदाण्याच्या कुटावर उभं आहे. निखिलने मग खुलासा केला की अपूचं नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतल्या अपूवरून आलंय. म्हणजे बंगाली. तेव्हा कुठे हिचं समाधान झालं. बंगाली माणसाला साबुदाण्यातलं काय कळणार? आडनाव मात्र नहसपीमापेटिलॉन. भारतातलं कुठलंही राज्य या आडनावाची जबाबदारी घेईल असं वाटत नाही.

पुढे निखिल न्यू जर्सीला गेला आणि तिथे पहिल्या नोकरीत काही सहकाऱ्यांनी त्याचं स्वागत अपूच्या आवाजात केलं. तो फोनवर हे हसत सांगत होता, पण हसण्याची लांबी नेहमीपेक्षा कमी होती. अपूला आवाज देणारा हँक अझारिया हा गोरा नट. २०१७मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदवीराने ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ नावाचा माहितीपटच काढला आणि २०२०च्या जानेवारीत अझारियाने सांगितलं की आता हा आवाज मी काढणार नाही. मला विचाराल तर शेंगदाणा मंजूर, आवाज नामंजूर. आवाजाने जे नुकसान झालं ते घरोघर झालं आणि त्याचा सर्व्हे कुणी केला नाही.

आता बोटं. स्प्रिंगफील्डमध्ये प्रत्येकाच्या हाताला चार बोटं, अंगठा धरून. चित्रं काढणाऱ्याचं काम हलकं व्हावं म्हणून कार्टूनमध्ये ही जुनी रीत आहे. या भागात देव येतो: पांढरी दाढी, पांढरा झगा, आणि हाताला पाच बोटं. निखिलने हे मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. मी काठी सरसावली: झालं की केलं?

सिनेमात पौराणिक राजाच्या मनगटावर घड्याळ राहून जातं, ते ‘झालं’. नट बांधून आला, कुणाच्या लक्षात आलं नाही. कार्टूनमध्ये असं राहून जायला काही नसतंच. पाचवं बोट आपोआप उगवत नाही. कुणीतरी पेन्सिल घेऊन ते काढलं, दुसऱ्या कुणीतरी रंगवलं. आणि हा भाग म्हणजे फिल्म रोमन या नव्या स्टुडिओने केलेला मालिकेतला पहिलाच, म्हणजे नव्या नोकरीतला पहिला दिवस. त्या दिवशी माणूस एक तर फार सांभाळून वागतो किंवा नको तिथे हुशारी दाखवतो. माझा निष्कर्ष: केलं. देवाने माणूस आपल्यासारखा घडवला, या त्यांच्या धर्मग्रंथातल्या विधानावर कुणीतरी एका बोटाने टिप्पणी केली आहे. अपूच्या गणपतीची बोटं मोजायचाही माझा विचार होता. मूर्ती तिथली असेल तर चार, पेणहून गेली असेल तर पाच. हिने टीव्हीसमोरून मला उठवलं.

खऱ्या अर्थाने ‘झालेली’ चूक पाहायची तर पहिल्या सीझनमधला स्मिदर्स पाहावा. होमरच्या मालकाचा हा हुजऱ्या ‘होमर्स ओडिसी’ या भागात काळा दिसतो, नंतर कायमचा पिवळा. रंग देताना घोटाळा झाला, एवढंच. निर्मळ, निरागस अपघात. असे क्लेम मी दुपारच्या चहाआधी पास करायचो.

आगीच्याच भागात देव होमरला विचारतो की सेंट लुईसला अजून फुटबॉलची टीम आहे का. होमर सांगतो, नाही, ती फीनिक्सला गेली. १९९२मध्ये हे अगदी बरोबर होतं, कार्डिनल्स १९८८मध्येच गेले होते. मग १९९५मध्ये लॉस एंजेलिसहून रॅम्स सेंट लुईसला आले आणि होमर खोटा ठरला. २०१६मध्ये रॅम्स परत लॉस एंजेलिसला गेले आणि होमर पुन्हा खरा झाला. एका वाक्याला लागलेली चूक मधली वीस-एकवीस वर्षं राहिली आणि कुणी हात न लावता बरी झाली. सर्वज्ञ देवाला हे विचारावं का लागलं, हा वेगळा मुद्दा आहे. तो मी कीर्तनकारांवर सोडतो.

आणि आता आग. पुन्हा रविवार, कुटुंब चर्चला, होमर सोफ्यावर सिगार ओढता ओढता झोपतो. कारण: निष्काळजीपणा. यात शंकेला जागा नाही. शेजारचा भाविक फ्लँडर्स आत शिरून त्याला बाहेर काढतो. फ्लँडर्सचंही घर पेट घेतं, पण त्याच्या घरावर एक छोटासा ढग येऊन नेमका तेवढाच पाऊस पाडतो. आमच्या पॉलिसीत देवाचं नाव येतं ते फक्त नुकसानीच्या बाजूला. भूकंप त्याचा, वीज त्याची, पूर त्याचा. देवाने लॉस कमी केल्याची ही एकमेव केस मी पाहिली.

मग येतो माझा माणूस. विमा एजंट. घरात किमती काही होतं का, असं तो विचारतो आणि होमर सुरू होतो: पिकासोचं चित्र, जुन्या मोटारींचा संग्रह... एजंट शांतपणे सांगतो की ही पॉलिसी खऱ्या नुकसानीची आहे, मनाने रचलेल्या वस्तूंची नाही. मी टाळी वाजवली. हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या गोदामांत, बहुधा उपाशीपोटी म्हटलेलं आहे. जळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये जर्मनीहून आलेली नवी मशीन होती असं सांगणारे लोक आणि त्या मशीनचा एकही बोल्ट राखेत सापडत नाही. लोखंड जळून वाफ झालं म्हणतात.

पाद्री मग प्रवचन देतो की आग विझवायला आलेल्या सगळ्यांच्या हृदयात देव होता, मग ते ख्रिस्ती असोत, ज्यू असोत की ‘मिसलेनियस’. आणि बोट अपूकडे. अपू भडकून म्हणतो, हिंदू! आम्ही सत्तर कोटी आहोत! निखिल चिडला. मला राग आला नाही. जनरल इन्शुरन्सची खाती पूर्वापार तीन: फायर, मरिन आणि मिसलेनियस. फायर आणि मरिनमध्ये जे बसत नाही ते सगळं तिसऱ्यात: मोटार, घरफोडी, म्हैस. धंदा सगळ्यात जास्त तिथेच.

अशा चुका शोधणाऱ्यांवर मालिकावाल्यांचा डोळा होताच. फेब्रुवारी १९९७च्या ‘इची अँड स्क्रॅची अँड पूची शो’ या भागात एक चाहता गंभीरपणे तक्रार करतो की मांजराच्या बरगड्या झायलोफोनसारख्या वाजवताना एकाच बरगडीतून दोन वेगळे सूर निघाले. यावर होमर त्याला विचारतो की ज्याच्या शर्टावर आपण प्रतिभावंत असल्याचं लिहिलंय तो माणूस दिवसभर कार्टून का पाहतो. चाहता प्रश्न मागे घेतो. मी घेतला नसता. दोन सूर म्हणजे दोन सूर.

त्याहून वरताण १९९८चा भाग. होमर फळ्यावर लिहितो की ३९८७चा बारावा घात अधिक ४३६५चा बारावा घात बरोबर ४४७२चा बारावा घात. फर्माच्या प्रमेयानुसार असं होऊच शकत नाही, आणि तीनच वर्षांपूर्वी अँड्र्यू वाइल्सची त्याची सिद्धता प्रसिद्धही झाली होती. पण दहा आकडी कॅल्क्युलेटरवर टाकलं की दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात! डेव्हिड कोहेन नावाच्या लेखकाने मुद्दाम प्रोग्रॅम लिहून ही जोडी शोधली. हा सरळ घातपात. फुगवलेलं स्टॉक रजिस्टर असंच असतं, बेरजा सगळ्या जुळतात.

गेल्या उन्हाळ्यात निखिल मुलीला घेऊन आला होता. मी ते समीकरण तिच्यापुढे ठेवलं आणि कपाटातून कॅल्क्युलेटर शोधायला गेलो. परत येईपर्यंत तिने प्रकरण निकाली काढलं होतं. “आजोबा, ३९८७ची बेरीज सत्तावीस, ४३६५ची अठरा. दोघांनाही तीनने भाग जातो. ४४७२ची सतरा, नाही जात. चूक आहे.” आणि ती परत होमरकडे वळली.

तिच्या पिढीला सनावळीचीही फिकीर नाही. १९९१च्या भागात होमर आणि मार्ज १९७४मध्ये शाळेत भेटतात. २००८च्या ‘दॅट नाइन्टीज शो’मध्ये ते दोघं नव्वदच्या दशकात तरुण असतात, म्हणजे त्याच दशकात, ज्यात ते तीन मुलांचे आईबाप म्हणून दर आठवड्याला टीव्हीवर येत होते. मी हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “हो, पण बार्ट दहाच वर्षांचा आहे ना अजून.” घसारा शून्य. फुरसुंगीचा फास्टर फेणेही शाळेतून काही सुटला नाही, हे मला मान्य करावं लागलं.

मग ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “यांना दोन्ही हात मिळून आठच बोटं आहेत. मग हे दहापर्यंत मोजतात कसे?”

मी उठून कागद घेतला. आपल्याला बोटं दहा, म्हणून आपण दहाला एकावर शून्य लिहितो. आठ बोटांच्या गावात एकावर शून्य म्हणजे आठ. म्हणजे बार्टच्या जन्मदाखल्यावर दहा लिहिलं असेल तर तो आठ वर्षांचा. लिसा आठ वर्षांची, हे सगळ्या जगाला माहीत आहे. दोघं जुळी आहेत! १९८९पासून मालिका चालू आहे आणि एकाही माणसाने क्लेम दाखल केलेला नाही. आठ बोटांच्या गावात ८ हा आकडाच नसणार, मग लिसाचं वय लिहिलं कसं, असा आक्षेप निखिलने घेतला. तो मी फेटाळला.