कलम ४६ साहेबांना रायपूरहून पत्र

॥ श्री ॥

तात्यापारा, रायपूर

माननीय कलम ४६ साहेब,
लष्कर अधिनियम, सन १९५०,
मुक्काम दिल्ली, यांचे सेवेशी,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे आपले थोरले बंधू, दंड संहितेतले कलम ३७७, यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्याकडून दुखवट्याच्या चार ओळीही गेल्या नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने, राजीखुशीने एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरतं तरी, त्यांना निरोप दिला. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तर त्यांचा पाटही मांडलेला नाही. १८६० सालचा जन्म, म्हणजे १५८ वर्षांचं आयुष्य. भरल्या घरातून गेले म्हणायचं. जाताना न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा लिहून गेल्या की, या माणसांना जे सोसावं लागलं त्याबद्दल इतिहासाने त्यांची माफी मागायला हवी.

आपली तब्येत मात्र ठणठणीत आहे असं ऐकतो. बंधूंचं नाव पेपरात तरी यायचं, त्यांच्याविरुद्ध मोर्चे निघायचे. आपण पडलात छावणीच्या भिंतीआड राहणारे. शिवाय डोक्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ची छत्री. सैनिकांच्या मूलभूत हक्कांना संसद मुरड घालू शकते, असं तो अनुच्छेद म्हणतो. घालायलाच हवी असं कुठे म्हणत नाही, पण छत्रीखाली उभ्या असलेल्या माणसाला एवढा बारीक फरक दिसत नसावा.

मागे एकदा सवड काढून आपलं घर पाहून आलो, म्हणजे आपल्याला मुळापासून वाचलं. तीन खोल्या आहेत. पहिलीत क्रूर, असभ्य किंवा अनैसर्गिक प्रकारचं लाजिरवाणं वर्तन करणारे. दुसरीत आजाराचं सोंग घेणारे, दुखणं मुद्दाम लांबवणारे. तिसरीत सेवेला नालायक ठरावं म्हणून स्वतःला नाहीतर दुसऱ्याला इजा करणारे. भाडं तिन्ही खोल्यांना सारखंच, सात वर्षांपर्यंत कैद. मागच्या दोन खोल्या कामचुकारांच्या, ते समजू शकतो. पण पहिल्या खोलीत ‘अनैसर्गिक’ या पाटीखाली आपण ज्याला कोंबता, तो बिचारा काय करत होता? त्याने सोंग घेतलं नाही, पायावर गोळी झाडून घेतली नाही. उलट ‘मला राहू द्या, सियाचीनला पाठवा, कुठेही पाठवा’ असं म्हणत होता. नोकरी टाळणारे आणि नोकरीसाठी हातापाया पडणारे एकाच घरात ठेवण्याची ही वास्तुकला आपण कुठून शिकलात?

हे मी विचारतो, कारण आपल्या वतीने बोलणारे लोक आपलं गाव भलतंच सांगतात. जानेवारी २०१९मध्ये, म्हणजे बंधूंचं वर्षश्राद्धही व्हायच्या आत, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की, लष्कर देशाच्या कायद्याहून मोठं नाही, पण हा प्रकार आम्ही लष्करात शिरू देणार नाही, लष्करी कायद्याच्या कलमांखाली त्याचा समाचार घेऊ. लष्कर पुराणमतवादी आहे, ते आधुनिकही झालेलं नाही आणि पाश्चात्त्यही झालेलं नाही, असा एकूण सूर होता. जनरलसाहेब आज हयात नाहीत, त्यांच्या सैनिकी कर्तृत्वाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ते बोलले आपल्या तर्फे, तेव्हा उत्तर आपणच द्यायचं.

पाश्चात्त्य नाही म्हणता? मग १८८१च्या ब्रिटिश आर्मी ॲक्टमध्ये आपले हेच क्रूर, असभ्य आणि अनैसर्गिक शब्द कसे सापडतात? तिथून हिंदुस्थानच्या पलटणींसाठी आपण बोटीतून आलात, १९५०मध्ये नागरिकत्व मिळालं, आणि आता आम्हालाच भारतीय संस्कृती शिकवता. आमच्या संस्कृतीचं म्हणाल, तर पांडवांच्या सात अक्षौहिणींच्या सात सेनानायकांत एक शिखंडी होता. विराटाच्या गायी पळवल्या तेव्हा कौरवांची फौज पाहून धूम ठोकली ती मर्द राजपुत्र उत्तराने. त्याचे केस धरून त्याला रथात परत आणलं ते बृहन्नडेने, जी कालपर्यंत राजवाड्यात मुलींना नाच शिकवत होती. त्या दिवशी पलटणीचा एकोपा बिघडल्याची नोंद व्यासांनी केलेली नाही. शिखंडी आणि बृहन्नडा वेगळे, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष वेगळा, हे मला कळतं. आपल्याला मात्र कळत नसणार, कारण आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच खोली.

बरं, आपल्या माहेरची खबर आपल्याला आहे का? युरोपातल्या मानवी हक्क न्यायालयात हरल्यावर, १२ जानेवारी २०००पासून ब्रिटनने समलिंगी सैनिकांवरची बंदी उठवली. त्यांच्या आरमारात ‘ज्यो उसालिस’ नावाचा रेडिओ ऑपरेटर होता. १८ वर्षं नोकरी, फॉकलंडच्या युद्धात गेलेला. १९९३मध्ये कोर्ट मार्शल करून त्याला हाकललं, आणि दीर्घ सेवा व सद्वर्तनासाठी मिळालेलं पदक त्याच्या गणवेशावरून कात्रीने कापून घेतलं. सद्वर्तनाचं पदक आणि कात्री! हे चित्र मला तरी विसरता येत नाही. जानेवारी २०२०मध्ये तेच पदक त्याला सन्मानाने परत दिलं. जुलै २०२३मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पार्लमेंटमध्ये अशा सगळ्या सैनिकांची माफी मागितली. म्हणजे ज्यांनी आपल्याला घडवलं ते चूक कबूल करून मोकळे झाले, आणि आपण इथे त्यांची परंपरा सांभाळत बसलात.

अमेरिकेने मधला मार्ग काढून पाहिला होता: आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. त्या नियमाखाली १३ हजारांहून जास्त माणसं घरी गेली. अरबी येणाऱ्या माणसांसाठी दारोदार फिरावं लागत असताना अरबी दुभाषेही त्यात गेले. सप्टेंबर २०११मध्ये तो नियम मोडीत निघाला. त्यानंतर अमेरिकी सैन्य नाजूक झाल्याची तक्रार त्यांच्या शत्रूंनीही केलेली नाही.

आता आमच्या रायपुरात या. सायन्स कॉलेजच्या मैदानावर पहाटे अग्निवीर व्हायला निघालेली पोरं धावताना दिसतील. आरंग, अभनपूरकडची, काही त्याहून लांबची, चार-पाच जण मिळून एक खोली घेऊन राहणारी. हातातल्या मोबाइलवर वेळ लावलेली असते. १.६ किलोमीटर धावायचं, बीमवर दहा पुल-अप काढायच्या, नऊ फुटांचा खड्डा एका उडीत पार करायचा. तोल सांभाळत झिगझॅग पट्टीवरून चालायचं. मग डॉक्टर छाती मोजणार, दात पाहणार, पायाचे तळवे सपाट आहेत का बघणार. यातल्या कुठल्या चाचणीत हे पोर कुणावर प्रेम करतं ते मोजतात? खड्डा नऊ फुटांचाच राहतो, उडी मारणारा कुणाच्या आठवणीने झुरतो त्यावर तो दहा फुटांचा होत नाही. आणि गंमत पाहा, अग्निवीराला अट काय? अविवाहित पाहिजे, आणि चार वर्षं लग्न करायचं नाही. बायको नको म्हणणारा उमेदवार आपल्याला हवा असतो. फक्त तो ती मनापासून नको म्हणत असला, की आपली पंचाईत होते.

असं पोर भरती होतं. होतंच, साहेब. इतक्या लाखांच्या सैन्यात अशी माणसं आज नाहीत असं आपल्यालाही वाटत नसेल. ते रोज फॉलिनला उभं राहतं, लंगरमध्ये सगळ्यांबरोबर जेवतं, रात्री बराकीत शेजारच्याच्या घोरण्याला कंटाळतं. सगळे मोबाइलवर आपापल्या मैत्रिणींचे फोटो दाखवतात तेव्हा तेही कुणाचा तरी फोटो दाखवतं. चुलतबहिणीची मैत्रीण वगैरे. नाव विचारलं की नाव सांगतं, सुट्टीत भेटलो होतो म्हणतं. पुढच्या वेळी आधी काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवतं. नाम, नमक, निशान शिकवणाऱ्या संस्थेत हे पोर सर्वांत आधी खोटं बोलायला शिकतं, आणि ते आपण शिकवता. ज्याच्या हाती देशाने भरलेली रायफल दिली, त्याच्या तोंडी खरं बोलणं मात्र देशाला झेपत नाही. आपला कारभार मला कळला तो इतका: तसं असणाऱ्याला आपण पकडू शकत नाही, म्हणून कबूल करणाऱ्याला पकडता.

यावर आपले चाहते सुरक्षेचा मुद्दा काढतात. शत्रू अशा माणसाला धमकावून गुपितं काढून घेईल म्हणे. अहो, धमकावणार कशाच्या जोरावर? सांगितलं तर नोकरी जाईल, सात वर्षं आत जाशील, याच जोरावर ना? म्हणजे शत्रूच्या हातातला दांडका आपणच आहात. आपण नसलात तर त्याच्याकडे धमकी द्यायला काही उरतच नाही.

आणि बराकीचं, अंघोळीचं? जो आज शेजारच्या खाटेवर गप्प झोपतो तो उद्या सांगून झोपेल. कुणी कुणाच्या अंगाला हात लावला, धाकदपटशा केला, हुद्द्याचा गैरफायदा घेतला, तर त्याला जरूर तुरुंगात टाका. तो पुरुष असो, बाई असो, सुभेदार असो की कर्नल. त्यासाठी आपल्या घरातले क्रूर आणि असभ्य हे दोन शब्द पुरेसे आहेत.

गणवेशाला हे सोसेल का, असाही प्रश्न विचारतात. आमच्या छत्तीसगडने तो प्रयोग करून पाहिला. मार्च २०२१मध्ये राज्याच्या पोलिस भरतीचा निकाल लागला, त्यात १३ तृतीयपंथी उमेदवार शिपाई म्हणून निवडले गेले, त्यातले आठ रायपूरचे. पुढच्या वर्षी नक्षलग्रस्त भागासाठी ‘बस्तर फायटर्स’ हे २,१०० जणांचं दल उभं केलं, त्यातही नऊ तृतीयपंथी निवडले गेले. बस्तर म्हणजे सिग्नलच्या चौकात शिट्टी मारायची जागा नव्हे, तिथे रस्त्याखाली सुरुंग असतात. ज्यांच्याकडे पाहून लोक रेल्वेच्या डब्यात तोंड फिरवायचे, त्यांना या राज्याने तिकडच्या बंदोबस्तासाठी निवडलं. मधल्या काळात रायपुरातलं सरकारही बदललं, आभाळ कोसळलं नाही. याच शहरात लष्कराचं भरती कार्यालय आहे. तिथल्या बाबूंनी एकदा पोलिस मुख्यालयात जाऊन चहा प्यायला हरकत नाही.

पण आपली काळजी इतकी की आपण सिनेमातही सैनिकाचं असं प्रेम बघू देत नाही. मेजर जे. सुरेश यांनी लष्कर सोडल्यावर २०२०मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं. ते वाचून ओनिर या दिग्दर्शकाने काश्मीरमध्ये नेमणुकीवर असलेल्या सैनिकाच्या आणि तिथल्या एका मुलाच्या प्रेमाची पटकथा लिहिली. संरक्षण मंत्रालयाने २०२२मध्ये परवानगी नाकारली. संसदेत कारण दिलं की, यामुळे लष्कराची प्रतिमा खराब होते आणि सुरक्षेचे प्रश्न उभे राहतात. पडद्यावर नायिकेभोवती झाडांतून गाणी म्हणत फिरणारे लेफ्टनंट आम्ही गेली सत्तर वर्षं पाहतोय, त्यांच्यामुळे सीमा कधी धोक्यात आली नाही. एका न काढलेल्या सिनेमामुळे मात्र येते.

भाजपचेच खासदार जगदंबिका पाल यांनी २०१८च्या अखेरीला तिन्ही दलांच्या कायद्यांत दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे जे होतं ते त्याचंही झालं. म्हणजे हा विषय कुणा डाव्या-उजव्याचा नाही, आणि कुणी सुचवलंच नव्हतं असंही पुढे म्हणता येणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच. आपण पूर्ण निवृत्त व्हा असं मी म्हणत नाही. आजाराची सोंगं घेणाऱ्यांना पकडायला आपण हवेच आहात. पहिल्या खोलीतला तेवढा तिसरा शब्द काढून टाकायला संसदेला सांगा, आरमार आणि हवाई दलातल्या आपल्या भाऊबंदांनाही निरोप द्या. आणि त्या एका शब्दापायी ज्यांना घरी पाठवलं असेल त्यांची कागदपत्रं पुन्हा उघडा, ज्यांचं निवृत्तिवेतन अडलं असेल ते सुरू करा. संसदेचं एक अधिवेशन त्याला पुरेल.

कळावे. उत्तर हिंदीत, इंग्रजीत कसंही चालेल.

आपला,
तात्यापाऱ्यातला एक करदाता